पूजेतला पाना

आमच्या घरात माझं काही लपून राहत नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरंच आहे ते. तंबाखू सोडायचं ठरवलं तर आधी बाजारपेठेला कळतं, मग मला. पण एक गोष्ट मी गिळली — गिळली ती गिळलीच. बायकोला सांगितली नाही. आई गेली तेव्हा शेवटचं पाणी मीच पाजलं, तेव्हाही ती तोंडाशी आली आणि मागं फिरली. तुम्ही मला ओळखत नाही, माझ्याकडून सायकल घेणार नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी बोलता येईल. बघू — जमलं तर.

माझं नेकनूरला सायकलचं दुकान आहे. पुरुषमाणसं मिस्त्री म्हणतात, बायापोरी मामा म्हणतात. लोकांना वाटतं, नवी सायकल कारखान्यातून चालतच येते. तसं नसतं हो. खोक्यातून येते ती — सांगाडा वेगळा, चाकं वेगळी, हँडल वेगळं, पायडल आणि नटबोल्ट एका पिशवीत. तिची सायकल आम्ही करायची. लेकराची असली तर जास्तच बघावं लागतं. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. ब्रेकची मूठ लहान बोटांत मावली पाहिजे आणि दाबली की चाक जागेवर थांबलं पाहिजे. चेन फार ताठ नको, फार सैलही नको. हे सगळं मी गिऱ्हाइकाला ऐकवायचो, मान ताठ करून. माझ्या हातची सायकल डोळे झाकून न्यावी, असं म्हणायचो. अजून म्हणतो — लाज वाटते, पण म्हणतो.

आता एक बोल्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. हँडलच्या मधोमध एक लांब बोल्ट असतो. त्यानं हँडल पुढच्या चाकाशी आवळलं जातं. पान्यानं पिळूनच आवळायचा असतो तो. नुसता बोटांनी फिरवून सोडला तर वरून काही कळत नाही — सायकल दिसते शहाणी, सपाट रस्त्यावर चालतेही. पण मागं ओझं असताना, उतारावर, जोरात वळवली की हँडल वळतं आणि चाक वळत नाही. म्हणून शेवटी एक करायचं. सायकलसमोर उभं राहायचं, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरायचं आणि हँडल पिळून बघायचं. हललं नाही पाहिजे. बस, एवढंच. इतक्या सोप्या गोष्टीबद्दल मी बोलतोय — आणि बघा, अजून मुद्द्यावर येत नाहीये.

दसऱ्याला आमच्याकडं नव्या गाडीची झुंबड असते. आणि त्याच सणाला हत्यारांची पूजा. आईचा नियम कडक होता. खंडेनवमीच्या संध्याकाळी सगळे पाने, पक्कड, हातोडी रॉकेलनं धुवायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. मग दुसऱ्या दिवशी सोनं लुटून येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारे, एक दिवस बसू द्या, असं आई म्हणायची. मला ते आवडायचं.

त्या वर्षी नवमीला एक लहान सायकल राहिली होती. वीस इंची, लाल. चाकं झाली होती, ब्रेक झाले होते, मागं कॅरियरही बसवलं होतं. हँडल तेवढं राहिलं होतं — ते मी नेहमी शेवटी आवळतो. आईनं आतून हाक मारली, पाट मांडलाय, हत्यारं आण म्हणाली. मी बोल्ट बोटांनी फिरवला, पाने धुवायला घेतले आणि मनात म्हटलं, उद्या पूजा उतरली की आवळू. नेणाऱ्यालाही उद्या संध्याकाळचंच सांगून ठेवलं होतं.

पण लिंबाजी सकाळीच आला. तो जवळच्याच वस्तीवरचा. नवरा-बायको दरसाल ऊस तोडायला जायचे. त्यांच्या मुकादमानं अचानक दसऱ्याचाच मुहूर्त धरला — शीव ओलांडायची आणि तसंच कारखान्याकडं निघायचं. ट्रॅक्टर पारापाशी उभा होता, त्यात भांडीकुंडी चढवणं चालू होतं. सायकल त्याच्या थोरल्या पोरीसाठी होती. आशामती तिचं नाव, सातवीत होती. तोवर दर हंगामाला ती आईबापामागं फडावर जायची, निम्मं वर्ष शाळा बुडायची. त्या वर्षी तिनं हट्ट धरला होता — मी आजीपाशी राहते, शाळेत जाते, धाकट्या बाळूलाही नेते. वस्तीपासून शाळा लांब. म्हणून सायकल. बाळूला मागं बसवायचं, म्हणून कॅरियर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कॅरियर बसवलं तेव्हा मीच बाळूला उचलून त्यावर ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, बघ राजा, मावतोस का.

“मिस्त्री, गाडी झाली ना? आमाला सांच्यालाच निगायचंय,” लिंबाजी म्हणाला.

काय करायला हवं होतं मी? पाटावरचा पाना उचलायचा आणि दोन पीळ द्यायचे. आईनं चार शिव्या घातल्या असत्या — त्या तर रोजच्याच होत्या. नाहीतर सरळ सांगायचं, एक बोल्ट राहिलाय. मी म्हणालो, “डोळे झाकून न्या.” हँडलला झेंडूचा हार घातला, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला, त्यांनी दिलेला पेढा खाल्ला. हे मला आईवर ढकलायचं नाही. देवावर तर नाहीच. दुकानापुढं आणखी गिऱ्हाइकं उभी होती आणि मला लिंबाजीला वाटेला लावायचं होतं. सोबत आलेली पोरगी तोवर हँडलवरचा हात काढायला तयार नव्हती.

दुपार टळायच्या आत लिंबाजी परत आला. सायकल खांद्यावर. मागं आशामती, कोपरं सोललेली, फ्रॉकला रक्त. तिच्या आईच्या कडेवर बाळू, मनगट सुजून लोंबलेलं. ओढ्याच्या उतारावर, मोरीपाशी वळताना दोघं कठड्यावर आदळली होती. लिंबाजीनं सायकल खाली ठेवली. हार अजून तसाच होता. चाक सरळ आणि हँडल एका बाजूला वळलेलं. मला कळायला किती वेळ लागणार?

“मामा, म्या वळवलं हो. पर चाक वळलंच न्हाई,” आशामती म्हणाली. जे झालं तेच तिनं सांगितलं, त्यात एक शब्द कमी-जास्त नव्हता.

लेकराला डॉक्टरला दाखवून येतो, तवर गाडी बघा, असं म्हणून ते गेले. आणि मी — इथं मला उठून पाणी प्यावंसं वाटतंय. मी आत गेलो. आई चुलीपाशी होती, तिची पाठ होती माझ्याकडं. मी पाटावरचा पाना उचलला. फुलं सरकली, ती परत नीट लावली. बाहेर आलो, हँडल सरळ केलं आणि बोल्ट पिळला — अंगातला सगळा जोर लावून पिळला. पान्यावरचं कुंकू बोल्टला लागलं, ते सदऱ्यानं पुसलं. पाना परत जागेवर नेऊन ठेवला. पोरीच्या जिवासाठी जो पाना सकाळी उचलवला नाही, तो माझं पाप झाकायला उचलला. आणि किती सहज!

ते परत आले तेव्हा बाळूच्या हाताला फळी बांधली होती. सोबत मुकादम होता, उशीर होतोय म्हणून तापलेला. त्यानं पुढं होऊन हँडल हलवलं.

“घट्ट हाय की बे. कावून बोंबलायलाय?”

लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं. मिस्त्री सांगेल ते खरं, असा तो माणूस. आणि मिस्त्रीनं सांगितलं. आदळल्यामुळं हँडल फिरलं होतं, ते मी सरळ केलं. गाडीत खोट नाही. मागं ओझं, पुढं उतार — पोरगी घाबरली असणार आणि तिनं हँडल सोडलं असणार. लिंबाजी हळूच म्हणाला, “पर मागं बसायचं तर तुमीच...” मी त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. कॅरियर दप्तराला असतं, म्हणालो.

आशामतीनं माझ्याकडं रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं आधी हँडलकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. आपण खरंच सोडलं होतं का, हे ती आठवत होती. मला तिथंच दिसत होतं की पोरगी माझं ऐकून स्वतःवरचा विश्वास सोडतेय, आणि मी फडक्यानं हात पुसत होतो. लिंबाजीनं तिच्या मुस्काटात मारली. तिची आई म्हणाली, “आता हिच्या जिवावर लेकरू कसं ठिवायचं?” झालं — तिथंच, माझ्या दुकानाच्या फळीपुढं ठरलं. बाळूचा हात मोडलेला, त्याला फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या खोपटात, सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. दोघांनाही ट्रॅक्टरवर चढवलं. सायकल आजीच्या घरी गेली.

ट्रॅक्टर पारापाशी आणखी बराच वेळ उभा होता. माझ्या दुकानातून दिसत होता. चालत गेलो असतो तरी पोहोचलो असतो. मी कशाला घाबरलो? लिंबाजी काही हात उचलणारा नव्हता. चार माणसांत माझं नाक कापलं गेलं असतं, एवढंच. त्या नाकासाठी मी बसून राहिलो. मग नवा सदरा घालून सोनं द्यायला बाहेर पडलो. घरोघर आपट्याची पानं दिली आणि सोन्यासारखं राहा म्हणालो.

बाळूचा हात जुळला. शाळा मात्र जुळली नाही. हंगाम संपवून ते आले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती, आणि पुढच्या सालापासून आशामतीच्या हातात कोयता आला. मग लग्न झालं, तेही तोडीवाल्याच घरात. लाल सायकल पुढं बाळूनं चालवली, तिच्यावरून हायस्कूलला गेला तो. मी तिची दुरुस्ती दरवर्षी फुकट करून द्यायचो. मिस्त्री लई भला माणूस हाय, असं लिंबाजी चार लोकांत सांगायचा. मी ऐकून घ्यायचो. हेही सांगून टाकतो — ऐकायला बरं वाटायचं.

त्या सालापासून मी पाना पूजेला ठेवत नाही. हवेचा पंप ठेवतो. बायको वैतागते, पंप काय हत्यार आहे का म्हणते. मी हसण्यावारी नेतो. मला वाटायचं, हेच माझं प्रायश्चित्त. स्वस्तातच आटपलं होतं मी.

गेल्या दसऱ्याला दुकानापुढं एक बाई येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, सोबत दोन वेण्यांची पोरगी. “मामा, वळखलं का? म्या आशामती, लिंबाजीची.” मी ती रस्ता ओलांडतानाच ओळखली होती. पोरीला सायकल हवी होती. टोळी निघणार होती, पोरगी आजीपाशी राहणार होती. “हिला न्हाई नेणार म्या फडावर,” ती म्हणाली. “काय बी हू दे. हिनं शाळाच शिकायची.”

मी खोकं तिच्यासमोर फोडलं. कधी लावला नव्हता इतका वेळ लावला. पोरीला सीटवर बसवून चवडे टेकतात का बघितलं, ब्रेकच्या मुठी तिच्या बोटांना जुळवल्या, चेनला तेल दिलं. पाना घेऊन तो बोल्ट आवळला. मग चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळलं, परत पिळलं, इतकं की पोरगी हसायला लागली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. आशामती माझ्या हातांकडं बघत होती. तुझं चुकलं नव्हतं, माझा बोल्ट ढिला होता — एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द जुळवून झाले होते. मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात ती पोरीकडं वाकली आणि तिचे दोन्ही हात मुठींवर ठेवत म्हणाली, “हँडल कदी सोडायचं न्हाई बग. लहानपणी म्या सोडलं व्हतं. बाळूमामाचा हात मोडला, माजी शाळा गेली. खोटं वाटत आसंल तर ह्या मामाला इचार, त्येंनीच तवा गाडी बघून सांगितलं.”

पोरीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, “होय बाई. घट्ट धरत जा.”