नेमकं काय झालं होतं

कापसाच्या त्या वाईट वर्षांत तालुक्याच्या दवाखान्यात एक नोंदणीबाबू होता. शेवटच्या दिवसांतला पेशंट कोणी धावपळीत आणला, की चष्मा पुसत विचारायचा, “भाऊ, नेमकं काय झालं म्हून आणलं?” मी त्याला चोंबडा म्हणायचो.

बाबा गेल्यावर त्याने मलाही विचारलं. मी न सांगताच निघून आलो. महिनाभराने स्वतःच जाऊन सांगितलं, “दम लागला होता. घरीच राहू दे म्हणत होते. मीच भेलो अन् जीपमध्ये टाकलं. इथून यवतमाळले धाडलं, रस्त्यातच गेले.”

“लिहितो, भाऊ. तुमच्यासारखे लय आहेत.”

त्या नोंदी घेऊन तो डॉक्टरांच्या मागेच लागला. बहुतेकांना दमच लागलेला दिसला, तेव्हा नर्स अशा पेशंटच्या घरी आधीच दमाचं औषध देऊन, ते कधी द्यायचं हे समजावून येऊ लागली.

त्याच हंगामात शेजारच्या, शेवटच्या दिवसांतल्या काकूंना दम लागला. मुलाने नर्सने ठेवलेलं औषध दिलं, जीप बोलावली नाही. तासाभराने काकू सुनेवर ओरडल्या, “चहात साखर कायले कमी टाकली वं?”