कपाट हिरवं करायचं होतं

१४ नोव्हेंबर. झोपायच्या खोलीतलं जुनं कपाट हिरवं रंगवून त्याला पितळी मुठी बसवायच्या होत्या.

काशीतल्या रामघाटाच्या आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याला बोलावलं; तो मला दहा वर्षं ठाऊक आहे. ब्रश उचलण्याआधी तो लाकडावरून उलटा हात फिरवतो. शेवटचा शब्द दोनदा म्हणतो, "हो जाई बहिनजी, हो जाई." सांगितलेल्या कामाबद्दल उलट प्रश्न कधी विचारत नाही.

शाळेत शिकवायला निघताना मुठी त्याच्या हातात देऊन मी म्हणाले, "कपाट हरा कर दीजिए." संध्याकाळी आले तर खोलीचं दार हिरवं झालं होतं आणि त्यावर नव्या मुठीही बसल्या होत्या. कपाट होतं तसंच. हिंदीत कपाट म्हणजे दार. जन्म काशीत गेला, तरी घाईत तोंडून घरातलाच शब्द गेला.

आमचे हे त्याच्यावर चिडले. "अलमारी बोली होगी, अलमारी. सुनते नहीं हो? कल से मत आना."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हमहीं गलत सुने भइया, हमहीं." आणि ब्रश धुवायला बसला. मी शाळेची पिशवी ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आले. तो समोर असतानाच ह्यांना सांगितलं, "त्यानं बरोबर ऐकलं होतं. मीच कपाट म्हणाले होते." हेच त्याला हिंदीतही सांगितलं. मग अलमारीवर हात ठेवून म्हणाले, "ये वाली."