अक्कांच्या हातातली मोटर

अक्कांना घाई करता येत नसे. तिरुवल्लिकेणीच्या थांब्यावर डोळ्यांदेखत बस सुटली तरी त्या पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या बसची वाट पाहत बसत. मी चुळबुळ करू लागले की लाडाने म्हणत, "बेगीन कां? पोरुमै, कण्णा, पोरुमै." बेगीन म्हणजे लवकर, हा त्यांच्या तंजावरी मराठीतला शब्द; पोरुमै म्हणजे धीर, तो तमिळ. दोन्ही शब्द मी त्यांच्याच तोंडून शिकले. त्यांतला दुसरा अंगी बाणला नाही, याची रुखरुख आहे.

मी अकोल्याहून तमिळ मुलखात, पेरुंगुडीच्या एका कंपनीत आले, तेव्हा तिथला मोठा रस्ता रुंदीकरणासाठी उकरलेला होता आणि मला गावात कुणी ओळखीचं नव्हतं. एका मराठी घरच्या पूजेला अक्का भेटल्या. साठी उलटलेली, किरकोळ अंगाची बाई. गिंडीच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात तीस वर्षं घालवून निवृत्त झालेल्या. "रविवारीं काय करतेस?" त्यांनी विचारलं. "झोपते," मी म्हटलं. "मग ये, तुला समुद्र दाखवते." मला वाटलं, मरिनाच्या किनाऱ्यावर फिरायला नेतील.

त्यांची स्वतःची शिडाची बोट होती. अठरा फुटांची, नवऱ्याने हौसेने घेतलेली. नवरा गेल्यावर लोकांनी ती विकायला सांगितली; अक्कांनी नवऱ्याच्या जुन्या पँटी दुमडून घालायला सुरुवात केली आणि बोट स्वतः चालवू लागल्या. ती उत्तरेकडच्या मासळी बंदराच्या एका कोपऱ्यात बांधलेली असे. बंदरातून बाहेर पडेपर्यंत मागे लावलेली छोटी मोटर चालवायची आणि मोकळ्या समुद्रात शीड उभारलं की मोटर काढून आत ठेवायची, हा त्यांचा नेम.

मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "अक्का, राहू द्या की ती तिथेच. परत जाताना लागणारच आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उष्ट्या हाताने देवाला फूल वाहिलं. "जेवण झाल्यावर पानावरून उठायचं नाहीं कां? तिला पाण्यात ओढत नेलं की बोट जड होते, दोऱ्या तिच्यात अडकतात. काम झालं, आतां ती निजेल."

मोटरला निजवणं हा एक सोहळाच होता. आधी पेट्रोलची तोटी बंद करायची आणि आत उरलेलं पेट्रोल संपून मोटर आपोआप गप्प होऊ द्यायची. मग ती मागून उचलून तिरकी करायची. खटका बसल्याचा आवाज आल्याशिवाय हात सोडायचा नाही. पाणी निथळू द्यायचं. मग बोटीला बांधलेली एक दोरी तिच्या मुठीला अडकवायची. "मशीनला आधी दोरी, मग हात," अक्का दर वेळी म्हणत. तिला बोटीशी आवळून धरणारे दोन स्क्रू आळीपाळीने सैल करायचे, मोटर छातीशी धरून आत आणायची, आणि डोकं वर, पंखा खाली अशा बेताने घडी घातलेल्या गोधडीवर आडवी करायची. "डोकं खाली गेलं तर पंख्याकडचं पाणी डोक्यात शिरतं. माणसाला चालेल, मशीनला नाहीं."

दुसऱ्या वर्षी त्यांचा उजवा हात कापू लागला. त्याबद्दल एकदाच बोलल्या, तेही हसत. "हा आतां माझं ऐकत नाहीं. कुणाचं ऐकतो तें मात्र कळत नाहीं." सुकाणू मला देत, शिडाच्या दोऱ्या मला देत, मोटर कधी दिली नाही. पूर्वी पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला वीस मिनिटं लागू लागली. मी सुकाणू धरून दुसरीकडे पाहत बसे.

एका रविवारी ऑफिसातली एक मैत्रीण हट्टाने आमच्याबरोबर आली होती. बंदराबाहेर आल्यावर अक्का गुडघे टेकून स्क्रूशी झटत होत्या. बोटं घसरत होती. त्या पुन्हा धरत होत्या. मैत्रीण माझ्या कानाशी कुजबुजली, "अगं, तू का नाही करत? कसं बघवतं तुला?" मला लाज वाटली. मी सुकाणू तिच्या हातात दिलं, मागे गेले, अक्कांचा हात बाजूला सारला. दोन्ही स्क्रू सोडले, मोटर उचलली, गोधडीवर ठेवली. अर्ध्या मिनिटाचं काम. मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या.

अक्का पँटीला हात पुसत म्हणाल्या, "सेरि. बरं झालं." मग पुढे जाऊन डोलकाठीपाशी बसल्या. परतताना मोटर मीच लावली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी फोनवर म्हणाल्या, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले होते. तिसऱ्या रविवारी मी फोनच केला नाही. ऑफिसात काम फार होतं, हे खरं. पण फोन न करण्याइतकं नव्हतं.

दोन महिन्यांनी त्यांच्या घरी गेले. बोट पुदुच्चेरीच्या एका गृहस्थांना देऊन टाकल्याचं त्यांनी कॉफी ओतता ओतता सांगितलं. अर्धी कॉफी बशीत सांडली. मी जागची हलले नाही. तेवढं एव्हाना कळलं होतं.

"का दिलीत, अक्का?"

त्यांनी बशीतली कॉफी पेल्यात परत ओतली. मग म्हणाल्या, "डॉक्टरांनी समुद्रावर जाणं कधींच बंद करायला सांगितलं होतं. घरांत बटण लागत नाहीं, सही येत नाहीं. पण रविवारीं ती मशीन उचलली कीं वाटायचं, अजून आहे मी. त्यावर पुढचा रविवार यायचा."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझा कांहीं दोष नाहीं, कण्णा. त्या दिवशीं लाट मोठी होती."

लाट मोठी नव्हती. समुद्र तव्यासारखा सपाट होता, आणि हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी मला एक सबब देऊ केली होती. खरं बोलून माफी मागायची तीच वेळ होती.

"हो," मी म्हटलं, "मोठी होती."

त्या पावसाळ्यात अक्का मुलीकडे कोइमतूरला गेल्या आणि वर्षभराने तिथेच वारल्या. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.