जीपची खांदेमळणी

१९९६ साल. मी बेचाळीसचा. बैलजोडी विकून जुनी पांढरी जीप घेतल्ती अन् भोकरदनच्या रस्त्यावर सवाऱ्या नेत होतो.

आता सत्तरी गाठली. आज पोळ्याची आदली संध्याकाळ. शेजारी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून राह्यलेत. वास आला, पण उठून बघायचं त्राण न्हाई. ओट्यावरच टेकून राह्यलो, अन् मन मागं गेलं.

जीप चमकवायचा मला भारी नाद. सुट्टीला, मला दादा म्हणणारी माझी दोन्ही लेकरं चिंध्या घेऊन सोबत. बाळू टायरला खोबरेल चोळायचा, सुमी काचा पुसायची. त्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी दावणीत बैल न्हाई म्हणून बायको दिवसभर रुसून होती. मी चहा पिऊन बाहेर आलो, तर बोनेट दोन्हीकडून पिवळंजर्द, लोणी ओघळून राह्यलेलं.

"सुमे, काय केलं हे?"

"खांदे मळले, दादा. लई वझं वाहती ना ती." मंग बैलाच्या कानात सांगत्यात तसं जीपच्या आरशाला तोंड लावून हळूच म्हणली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दारातून बायको हसली. "आता घाला जेवू तुमच्या बैलाला!"

मी बी हट्टी. पुसलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवाऱ्या दारात आल्या. "पोळ्याला बैल जुंपत न्हाईत," म्हणून त्यांना वापस लावलं, अन् पहिली पुरणपोळी बोनेटवर ठेवली.