ओला टॉवेल आणि एकच हेल्मेट

आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात सिग्नलला गाड्या पांढऱ्या पट्टीवर थांबत नाहीत, पट्टीच्या बऱ्याच अलीकडे, कडुलिंबाच्या सावलीत थांबतात. पट्टी मोकळी, सावलीत ही गर्दी. सिग्नल सुटला तरी पुढच्यांचा पाय निघत नाही. त्या पुढच्यांत आमचे हे असणारच.

ऊनही आता पूर्वीचं राहिलं नाही. त्यावर यांनी युक्ती काढली. निघताना जाडजूड सोलापुरी टॉवेल नळाखाली भिजवायचा आणि डोक्याला गुंडाळायचा. त्यावर हेल्मेट काही बसेना. मग स्कूटर चालवणार हे, आणि हेल्मेट मागे बसलेल्या माझ्या डोक्यावर.

"डोकं लई शिजतं त्यात. तूच घाल की."

म्हणजे गारवा यांना आणि भट्टी मला! मी म्हणायचे, "अहो, पडलात तर टॉवेल काय कामाचा?"

"आजवर कधी पाडलंय का तुला?"

त्या दुपारी नवी पेठेतून परतताना अवकाळी पाऊस कोसळला. आडोसा शोधायचा सोडून सगळा रस्ता खुशीत भिजायला लागला. यांनी तर डोक्याचा टॉवेल सोडून माझ्या मांडीवर टाकला आणि तोंड वर केलं. "मजा हाय की न्हाय?" महिनोन्महिने साठलेली धूळ आणि सांडलेलं ऑइल भिजून रस्ता नुसता बुळबुळीत झाला होता. पुढची रिक्षा थांबली, यांनी ब्रेक दाबला आणि स्कूटर आडवी.

माझं डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेटला ही लांब चीर गेली, मला साधं खरचटलंही नाही. यांच्या कपाळातून मात्र रक्त वाहत होतं. मी तोच टॉवेल जखमेवर दाबून धरला. आणि हे म्हणतात, "बरं झालं बाई, तू घातलं होतंस."

दवाखान्यात टाके पडतानाही यांचं डॉक्टरांना एकच, "आधी हिचं डोकं बघा." मला हुंदकाच फुटला. माझा माणूस थोडक्यात वाचला होता.

आता घरात दोन हेल्मेटं आहेत. टॉवेल अजून भिजतो, पण गळ्यात पडतो. यांच्या हेल्मेटचा पट्टा मी स्वतः लावते, त्याशिवाय मागे बसत नाही.

"अगं, डोकं शिजतंय की," कुरकुर चालूच.

"शिजू द्या," मी म्हणते. "शिजलेलं चालेल मला, फुटलेलं नको."