फवारणीच्या पंपाची नळी

धाकट्या बहिणीचा हेवा मी लहानपणापासून करत आलोय आणि पन्नाशी आली तरी तो काही सुटलेला नाही. वडनेर भोलजीला बाबांजवळ राहतो मी. त्यांच्या गोळ्या, त्यांचे दुखरे पाय, त्यांची रोजची कुरकुर, सगळं माझ्याकडे. ती राहते खामगावला, महिन्यातून एकदा येते, आणि बाबा त्या एका दिवसासाठी सकाळीच दाढी करून बसतात.

तिथल्या आयटीआयमध्ये ती मोटार दुरुस्ती शिकवते. म्हणून बाबांच्या जुन्या गाडीवर हक्कही तिचाच. गेल्या हिवाळ्यात गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला. सोमवारी बाबांना सोनाळ्याला आजारी मित्राला भेटायला जायचं होतं. मी म्हटलं, मी पाहतो. तर म्हणाले, "तू हात नको लावू. रविवारी बाई येऊन राह्यली, तिले पाहू दे." बहिणीला ते बाईच म्हणतात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शनिवारी दुपारी बाबा झोपल्यावर मी बॉनेट उघडलं. पेट्रोलची रबरी नळी वाकवली तर तिला भेगाच भेगा. ओढून काढायला गेलो तर तिचा प्लास्टिकचा जोड बिस्किटासारखा तुटून हातात आला. आता माघार कशी घ्यायची? आमच्या गावात काहीही गळलं की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. मीही कपाशीवर फवारायच्या पंपाची नळी कापली, जुन्या नळीच्या आणि जोडाच्या जागी तीच बसवली आणि दोन्ही टोकांना तार आवळली. गाडी सुरू झाली. अंगणात मी एकटाच हसलो.

रविवारी ती आली. "जयभीम बाबा," म्हणाली, चहा घेतला, आणि गाडीजवळ जाताच तिनं नाक वर केलं. बॉनेट उघडलं. मी मागेच उभा होतो. माझी नळी फुगून मऊ पडली होती आणि तारेजवळून पेट्रोल थेंब थेंब इंजिनावर पडत होतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "फवारणीची नळी हाये ना हे? पेट्रोलमंधी नाही टिकत. रस्त्यात पेटली असती गाडी."

गाडीत बाबा असते. आणि तरीही मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता ही बाबांना सांगणार. आगीपेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटली, हे लिहायला लाज वाटते.

तिनं बॅटरीची तार सोडली, खाली फडकं धरलं आणि टाकीपासून इंजिनापर्यंतच्या साऱ्या नळ्या आणि जोड बदलले. जुना जोड ती ओढत नव्हती, आधी थोडा फिरवून सैल करत होती. तिचे हात अगदी बाबांसारखे आहेत. तेही मला बघवेना.

बाबा बाहेर आले. "झालं का, बाई?"

"हाव. पण खरं काम दादानंच केलं बाबा. कुठची नळी गेली ते त्यानंच हुडकलं. मी निस्त्या क्लिपा आवळल्या."

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास बे! उद्या सोनाळ्याले तूच ने मले," म्हणत चावी माझ्या हातात दिली.

मी चावी खिशात घातली.

सोनाळ्यात बाबांनी मित्राच्या खाटेशी बसून सांगितलं, "माह्या पोरानं दुरुस्त केली गाडी." मी मान डोलावली. घरी आल्यावर ती कापलेली नळी शोधली, बाबांना दिसण्याआधी कुठंतरी पुरावी म्हणून. सापडेना. शेवटी तिला फोन केला.

"माह्या पिशवीत हाये," ती म्हणाली. "बाबाले दिसली असती ना."

त्या शाबासकीसाठी मी आयुष्यभर तिचा हेवा केला, आणि ती मिळाली तीही तिच्याच हातून. आता तिचा आणखीच हेवा वाटतो.