मी सांगितलेले संवाद

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा आम्ही वाडीला राहत होतो. अमरावती रोडपासून थोडं आत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे भाड्याच्या खोल्यांची एक ओळ होती. त्यातल्या शेवटच्या दोन आमच्या. हे तिथल्याच एका गोदामात बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, फाडायचं काम करत. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि मोठी मुलगी. धाकटा पोटात होता.

त्या ओळीत टीव्ही आमच्याकडे पहिला आला. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा लागायचा आणि आजूबाजूच्या बाया चटया घेऊन यायच्या. पुरुष दारात उभे राहायचे. सासूबाई काटोलकडच्या खेड्यातल्या. बाजारात भाव करण्याइतकी हिंदी त्यांना यायची, पण सिनेमातली उर्दू मिसळलेली हिंदी त्यांच्या डोक्यावरून जायची. पहिल्याच रविवारी त्यांनी मला विचारलं, "ते बाई काय म्हणून राहिली वं?" मी सांगितलं. मग शेजारच्या काकूंनी पुढचं विचारलं. तेही सांगितलं. दोन-तीन रविवारांत माझी जागाच ठरून गेली. टीव्हीजवळ, भिंतीला टेकून, बायांकडे तोंड करून मी बसायची आणि पडद्यावर जे बोलणं होईल ते मराठीत सांगायची.

मला ते फार आवडायचं. मी बी.ए. झालेली होते आणि त्या ओळीत बी.ए. झालेली बाई दुसरी नव्हती. एरवी त्या शिक्षणाचा काही उपयोग नव्हता. भाकरी थापताना बी.ए. कोणी विचारत नाही. पण रविवारी सासूबाई मोठ्या तोऱ्यात म्हणायच्या, "थांबा वं, माही सून सांगते." मग सगळ्या गप्प बसायच्या.

धाकटा झाला आणि त्यानंतर काही महिन्यांनी टीव्हीचा आवाज मला बिघडल्यासारखा वाटायला लागला. गाणी बरी ऐकू यायची, बोलणं मात्र तोंडात कापूस धरून बोलल्यासारखं यायचं. कोणीतरी बोलतंय हे कळायचं, काय बोलतंय ते सुटून जायचं. मी ह्यांना म्हटलं, "याचा आवाज साफ नाही येत. शब्द फुटतात."

ह्यांना असल्या कामाची भारी हौस. घरातला रेडिओ त्यांनी कितीदा तरी उघडून दुरुस्त केला होता. त्यांनी टीव्हीभोवती फिरून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. याचा स्पीकर बाजूला आहे, भिंतीकडे तोंड करून. बोलतो भिंतीशी आणि ऐकायचं आपण." आधी त्यांनी टीव्ही कोपऱ्यातून काढून भिंतीच्या मधोमध आणला. मग समोरच्या उघड्या भिंतीवर जुनी गोधडी टांगली, कारण सिमेंटच्या भिंतीवर आवाज आदळून परत येतो आणि शब्दांवर शब्द चढतात, असं त्यांचं म्हणणं. खोली पाहुण्यांना दाखवायच्या लायकीची राहिली नाही, पण सासूबाई म्हणाल्या, आवाज खरंच सुधारला.

मला काही फरक वाटला नाही. तसं मी सांगितलंही.

मग बर्डीच्या बाजारातून त्यांनी एक नवा स्पीकर आणला. प्लायवूडचा खोका केला, आत जुन्या उशीतला कापूस भरला म्हणजे आवाज घुमणार नाही. तो खोका बरोबर पडद्याखाली, मधोमध ठेवला. टीव्हीच्या स्पीकरच्या तारा सोडवून त्याला जोडल्या. स्टूल थरथरायचं, म्हणून तुटक्या रबरी चपलेचे चार तुकडे कापून खोक्याखाली घातले आणि पुढच्या बाजूला लाकडाची पाचर दिली, म्हणजे आवाज चटईवर बसलेल्यांच्या कानाकडे जाईल. टीव्हीच्या मागे आवाज जाड-बारीक करायचं एक बटण होतं, तेही बारीक बाजूला फिरवलं. म्हणाले, "ढोल कमी झाला की माणूस ऐकू येते."

त्या रविवारी सिनेमा लागला आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, आता तर त्याच्या तोंडातूनच आवाज येऊन राहिला." दारातले पुरुषही वाहवा करायला लागले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की मी म्हटलं, "हो, आता छान येतोय."

त्या क्षणी मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण पोटात कुठेतरी कळलं होतं. सगळ्यांना साफ ऐकू येतं आणि मला येत नाही, याचा अर्थ काय ते समजायला बी.ए. लागत नाही. पण मी तिशीतही नव्हते. बहिरं म्हणजे म्हातारं माणूस, ज्याच्या कानाशी ओरडावं लागतं आणि ज्याच्यामागे पोरं हसतात. आमच्या माहेरच्या गल्लीत तसे एक आजोबा होते आणि हसणाऱ्या पोरांत मीही होते. तेव्हा मी तो विचार तिथेच दाबला आणि सासूबाईंनी "काय म्हणे वं?" म्हणून विचारलं तेव्हा सांगायला लागले.

आधी मी फक्त सुटलेले शब्द भरायची. हिंदी सिनेमात पुढे काय होणार हे बहुतेक कळतंच. बाई रडते, बाप दार दाखवतो, मित्र पाठीवर हात ठेवतो. मग अख्खी वाक्यं मनाने घालायला लागले. मग प्रसंग. पडद्यावरचे ओठ हलायचे आणि त्यांच्या तोंडी मी माझे शब्द घालायची. बायांना ते आवडत होतं. एकदा एका सासूच्या तोंडी मी असं काही घातलं की काकूंनी पदर डोळ्याला लावला. मला बरं वाटलं आणि लगेच इतकी लाज वाटली की मी पाणी प्यायला आत निघून गेले.

एक गोष्ट मला तेव्हा समजत नव्हती. रस्त्यावर ट्रकांची रांग अडकली आणि इंजिनं घरघरायला लागली की सगळे वैतागायचे. हे उठून टीव्हीचा आवाज वाढवायचे. आणि नेमकं तेव्हा मला शब्द कळायचे. इतरांना जो त्रास होता त्याची मी वाट पाहायची.

आमच्या ओळीत एक हिंदी बोलणारं कुटुंब होतं. त्यांच्यातलं कोणी एरवी सिनेमाला येत नसे, पण एका रविवारी त्यांची एक नातेवाईक मुलगी आली. जबलपूरची, कॉलेजात शिकणारी. मराठी तिला बोलता येत नसे पण समजत असे. ती माझ्या अगदी समोर बसली.

सिनेमात एक आई होती आणि तिचा घर सोडून गेलेला मुलगा परत आला होता. आई उभी, मुलगा तिच्या पायाशी. ती पाठमोरी होऊन बराच वेळ बोलली. तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे ओठांचाही आधार नव्हता. मी सांगितलं, "ती म्हणते, झालं गेलं विसरून जा. हे घर तुझंच आहे. हातपाय धू आणि जेवायला बस."

सासूबाईंनी "बरं केलं बाई" म्हणून सुस्कारा सोडला. आणि पडद्यावर तो मुलगा उठून, पिशवी उचलून, चालता झाला.

काकू म्हणाल्या, "मंग तो काहून चालला वं?"

ती मुलगी थोडी पुढे वाकली. तिला मला दुखवायचं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्याकडे पाहून सावकाश म्हणाली, "भाभीजी, उसने तो कहा कि मेरा बेटा मर चुका है, तुम जाओ."

माझे कान तापले. मी म्हटलं, "आवाजच साफ नाही. खरखर होते आहे." आणि मग, का कोण जाणे, ह्यांच्याकडे वळून सगळ्यांसमोर बोलले, "तुमच्या त्या खोक्याने सगळं बिघडवलं. आधी बरं होतं."

हे दारात उभे होते. ते आत आले, बायांमधून वाट काढत टीव्हीपाशी गेले, खाली वाकले आणि खोक्याला कान लावून ऐकत राहिले. मग त्या मुलीला विचारलं, "आप को साफ सुनाई देता है?"

"जी. बिलकुल साफ."

त्यांनी मागचं बटण फिरवायला सुरुवात केली. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी पडद्याकडे पाहत होते. काही वेळाने मला जाणवलं की खोलीतल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघताहेत. काकू, ती मुलगी, दारातले पुरुष, माझी स्वतःची पोरगीसुद्धा. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, "तो तुले विचारून राहिला, आता ऐकू येते का म्हणून. तीनदा विचारलं."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. टीव्ही बंद केला आणि "लाइनचा प्रॉब्लेम दिसतो" असं सगळ्यांना सांगितलं. दिवे तर सगळे लागलेलेच होते. बायांनी मुकाट्याने चटया गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्यासमोर पाटावर येऊन बसल्या. मी कणीक मळत होते. त्या माझ्या तोंडाकडे पाहून, नेहमीपेक्षा मोठ्याने बोलल्या.

"मले माहीत होतं."

"काय?"

"लेकरू रडे तं तू उठत नव्हती. मी उठो, त्याले घेवो, उगा करो. पहिले मले वाटलं, सून आळशी आहे. मनात लय राग आला तुहा. मंग पाहिलं तं त्याची पाठ तुह्याकडे असली की दिवसाबी तुले समजत नव्हतं. आन् तू बोलाले बी किती हळू लागली."

मी कणकेतून हात काढला नाही. मूल माझ्या शेजारी रडत होतं आणि मला कळलं नव्हतं. सिनेमाचं खोटं त्यापुढे काहीच नव्हतं. मी विचारलं, "मग तुम्ही बोलल्या का नाही, आई?"

"काय बोलू? तू लपवून राहिली होती. मले वाटलं, लपवू दे." मग म्हणाल्या, "आन् मी बी काय कमी केलं? इतके वर्ष हिंदीत कोणी बोललं का मान हालवो. बाजारापुरतं सोडलं तं समजे काहीच नाही."

हे मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी दोन टोकांचा लोखंडी चिमटा वाजवून एकदा कानासमोर आणि एकदा कानामागच्या हाडावर टेकवला. मग विचारलं, "गर्दीत, बसमध्ये वगैरे तुम्हाला जास्त चांगलं ऐकू येतं का?" मी चकित होऊन हो म्हटलं. ते म्हणाले, गोंगाटात लोक मोठ्याने बोलतात, आणि तो गोंगाट तुमच्या कानापर्यंत फारसा पोचत नाही. कानाच्या आतलं एक बारीक हाड जखडत चाललंय. त्यात स्वतःचा आवाज स्वतःला मोठा वाटतो, म्हणून माणूस हळू बोलायला लागतो. बाळंतपणानंतर कधी कधी ते वाढतं. ऑपरेशन होऊ शकतं, पण त्याला मुंबईला जावं लागेल. तोवर मशीन लावा.

बाहेर पायऱ्यांवर हे म्हणाले, "मी उगाच स्पीकरच्या मागे लागलो. तुले विचारायचं तं राहूनच गेलं." मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. ते मात्र मला नीट ऐकू आलं होतं.

मशीन म्हणजे काडेपेटीपेक्षा मोठी एक डबी. ती ब्लाउजच्या आत ठेवायची आणि तिची तार कानापर्यंत न्यायची. मी पदर दोन्ही कानांवरून घ्यायला लागले. ओळीतल्या बाया म्हणाल्या, एवढी शिकलेली आणि आता डोक्यावरून पदर घेते, सासूने धाक लावला वाटते. तेही मी ऐकून घेतलं. रविवारी बाया येत राहिल्या, पण मी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. ती जबलपूरची मुलगी परत गेली होती, त्यामुळे काय चाललंय ते आता कोणालाच नीट कळत नव्हतं. आपापसात अंदाज करत बसायच्या.

त्याच उन्हाळ्यात कन्हानला नात्यातलं लग्न होतं. मांडवात बायांच्या घोळक्यात मी पदर सावरून बसले होते. कोणी काही विचारलं की हसायची, मान हलवायची. सासूबाई समोरून बघत होत्या. अचानक त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझा पदर कानावरून मागे सारला. तार सगळ्यांना दिसली.

"माह्या सुनेले कमी ऐकू येते," त्या सगळ्या बायांना म्हणाल्या. "तिच्या तोंडाकडे पाहून बोला, जरा जोरानं. हुशार आहे ते, सगळं समजते तिले."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. नवरीकडच्या बाया, माझ्या माहेरच्या ओळखीच्या दोघीजणी, सगळ्यांनी ती तार पाहिली. एका म्हातारीने वाकून बोट लावून पाहिली. मी उठून जाणार होते, पण सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मग एकीने माझ्याकडे तोंड करून, मोठ्याने, मुलं किती म्हणून विचारलं. मी सांगितलं. दुसरीने काही विचारलं. जेवणं होईपर्यंत त्या माझ्याशी बोलत होत्या आणि त्या दुपारी एकही वाक्य मला मनाने घालावं लागलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी सासूबाईंशी एक शब्द बोलले नाही. धाकटा त्यांच्या मांडीवर झोपला होता. कामठी मागे पडलं तेव्हा त्यांनी मला कोपराने हलकेच ढोसलं आणि मी त्यांच्याकडे वळल्यावर विचारलं, "रागावली काय वं?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि धाकट्याच्या तोंडावर येणारं ऊन हाताने अडवत बसल्या.